रस्त्यावर चुकीला जागा ठेवा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रवासातील सुरक्षिततेविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे घरातला एखादा वाद आहे. एकजण काळजी करतो आणि दुसरा "काही होत नाही" असे म्हणतो. वाहन चालवायला शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे, आणि ते बहुतेक दिवशी खरे ठरते हीच त्यातली खरी अडचण आहे.

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची आहे. मोटारीत चाइल्ड सीटमध्ये बसवले की ती रडून गोंधळ घालते. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा अंतरासाठी पोरीला कशाला बांधून ठेवतेस? मी मांडीवर घट्ट धरते की." त्यांना दुखवायचे नाही, पण मनाला पटतही नाही.

उत्तर : सासूबाईंच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही; प्रश्न फक्त हातांच्या ताकदीचा आहे. मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना समोर आदळली, तर तिचा पुढचा भाग चेपत ती साधारण अर्धा-पाऊण मीटरमध्ये थांबते. तेवढ्याच अंतरात १२ किलो वजनाच्या मुलीला थांबवायचे, तर सुमारे २०० किलोचे वजन पेलण्याइतका जोर लागतो, आणि तोही सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, कोणतीही पूर्वसूचना नसताना. एवढे वजन कोणाच्याही हातांना पेलत नाही, मग ते हात आजीचे असोत की एखाद्या पहिलवानाचे. आजींनी स्वतः पट्टा लावलेला नसेल तर त्यांच्या शरीराचा सगळा भार मुलीवरच येतो. दोघींभोवती मिळून एकच पट्टा बांधणे तर आणखी वाईट, कारण मग पट्टा आणि आजी यांच्यामध्ये मूल चिरडले जाते.

सासूबाईंना हे आकडे सांगण्याऐवजी उंचीची तुलना करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. तिसऱ्या मजल्याच्या कठडा नसलेल्या गच्चीवर नातीला "मी घट्ट धरते" म्हणून कोणती आजी उभी राहील? वेग डोळ्यांना दिसत नाही, उंची दिसते. म्हणून उंचीची भीती वाटते आणि वेगाची वाटत नाही.

आपल्या मुलीच्या वयाच्या मुलांना मागे तोंड करून बसवलेली सीट सर्वांत सुरक्षित असते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मानेची हाडे मात्र अजून कोवळी असतात. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे डोके धडकेच्या वेळी जोरात पुढे फेकले जाते आणि तो सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर तोच धक्का पाठ, मान आणि डोके मिळून सीटच्या पाठीवर झेलतात. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंतच्या मुलांना असे उलटे बसवण्याची सवय फार पूर्वीपासून रुजलेली आहे. पाय दुमडून बसावे लागते म्हणून पालक घाई करून सीट वळवतात, पण मुलांना मांडी घालून किंवा पाय दुमडून बसायला काही अडचण वाटत नाही. ती मोठ्यांना वाटते. ज्या सीटसमोर एअरबॅग चालू आहे, तिथे मात्र अशी उलटी सीट कधीही लावू नये. एअरबॅग ज्या वेगाने उघडते तो वेग बाळाच्या डोक्यामागे बसला तर प्राणघातक ठरतो. मागची जागा हीच योग्य.

सीट विकत घेणे सोपे असते, ती नीट बसवणे अवघड असते. मोटारीचा पट्टा सीटमधून जिथून जातो तिथे हात धरून ती जोराने हलवून पाहा. एका इंचापेक्षा जास्त सरकत असेल तर पट्टा पुन्हा ओढून घ्यायला हवा. मुलीच्या खांद्यावरचा पट्टा गळपट्टीच्या हाडापाशी चिमटीत धरता येत असेल, तर तो सैल आहे. थंडीत जाड जाकीट घालून वर पट्टा लावला की तो घट्ट वाटतो; प्रत्यक्षात आत कापसाची बोटभर हवा असते आणि धडकेच्या वेळी ती क्षणात दबून जाते. म्हणून जाकीट काढून पट्टा लावावा आणि पांघरूण वरून घालावे.

रडण्याविषयी सांगायचे तर, मोटार उभी असताना रोज थोडा वेळ तिला सीटमध्ये बसवून खेळवा. एका मातेने मला सांगितले होते की तिने सीट चार दिवस घराच्या दिवाणखान्यात ठेवली, बाहुलीला आधी त्यात बसवले, तिचा पट्टा मुलीकडूनच लावून घेतला, आणि पाचव्या दिवशी मुलगी आपणहून चढून बसली. प्रत्येक मुलाचे असे होईल असे नाही. रडणे थांबत नसेल तर गाडी सुरक्षित जागी उभी करावी, तिला काढून शांत करावे आणि मग पुन्हा बसवावे. चालत्या गाडीत मात्र एकदाही बाहेर काढू नये, कारण रडले की सुटका होते हे मुले एकाच प्रवासात शिकतात.

प्रश्न : मागच्या सीटवर बसणाऱ्यांनीही सीट बेल्ट लावावा का? आमच्याकडे वडील म्हणतात की समोर सीट आहे, तिचाच आधार होतो. शिवाय बहीण गरोदर आहे, तिने काय करावे?

उत्तर : मागे बसलेल्या माणसाला समोरच्या सीटचा आधार होत नाही, समोरच्या सीटवर बसलेल्या माणसाला मात्र मागच्या माणसाचा मार बसतो. पट्टा न लावता मागे बसलेले ७० किलोचे शरीर धडकेनंतर मोटारीच्या मूळ वेगानेच पुढे जात राहते आणि पुढची सीट, तिच्यातल्या माणसासकट, चेपते. म्हणजे वडील स्वतःपुरता निर्णय घेत आहेत असे त्यांना वाटते, पण त्यांच्या पुढे बसलेल्या व्यक्तीचा निर्णयही तेच घेत असतात. हे त्यांना त्या व्यक्तीचे नाव घेऊन सांगावे.

आज सर्वत्र दिसणारा, खांदा आणि कंबर या दोन्हींवरून जाणारा तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतील निल्स बोहलिन या अभियंत्याने मोटारींसाठी आणला. बोहलिन पूर्वी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत असे, त्यामुळे शरीराला कुठे धरावे आणि कुठे धरू नये याची त्याला चांगली जाण होती. कंपनीने त्या पट्ट्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही मोकळे करून दिले. त्या रचनेतले मर्म एवढेच की धक्का शरीरातल्या मजबूत हाडांवर, म्हणजे गळपट्टी, छातीचा पिंजरा आणि कमरेची हाडे यांवर वाटला जावा. पट्टा पोटावर चढला किंवा काखेखालून घेतला तर हीच रचना मोडते. सीट मागे लांबवर पाडून झोपून प्रवास करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे; पट्टा लावलेला असला तरी शरीर त्याच्याखालून सरकून निघते.

आपल्या बहिणीने पट्टा अवश्य लावावा. खालची पट्टी पोटाच्या फुगवट्याखालून, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर टेकेल अशी घ्यावी, आणि वरची पट्टी दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने जाऊ द्यावी. आईचे रक्षण हेच पोटातल्या बाळाचे रक्षण असते.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. गाडी उत्तम चालवतो, पण वेगाने चालवतो. "ताबा माझ्या हातात असतो, मी आजवर कुठे ठोकली आहे का?" असे विचारतो. त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर : त्याला कागद आणि पेन्सिल द्यावी. चिरंजीव कौशल्याविषयी बोलत आहेत. आपण अंतराविषयी बोलावे.

समजा, एका रस्त्यावर दोन सारख्याच मोटारी शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ताशी ६० किलोमीटरने आणि दुसरी ८० ने. त्या एका रेषेत आलेल्या असताना समोर अचानक एक मूल रस्त्यात येते. दोन्ही चालक सारखेच सावध आहेत असे धरू आणि दोघांनाही पाहणे, समजणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांसाठी दीड सेकंद लागतो असे मानू. पहिली मोटार तेवढ्या वेळात २५ मीटर पुढे गेलेली असते आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबून आणखी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. एकंदर ४५ मीटर. दुसरी मोटार ब्रेक लागण्याआधीच ३३ मीटर पुढे आलेली असते. मूल ४५ मीटरवर उभे असेल तर पहिली मोटार त्याच्यापाशी येऊन उभी राहते. त्याच जागी दुसऱ्या मोटारीचा वेग किती असतो, असे चिरंजिवांना विचारावे. बहुतेकजण "वीस" म्हणतात. खरे उत्तर ताशी सुमारे ६५ किलोमीटर असे आहे.

हे गणित पहिल्यांदा मांडले तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. पण वेग दीडपट झाला की ऊर्जा सव्वादोनपट होते, दुप्पट झाला की चौपट होते, आणि ब्रेकला ती सगळी ऊर्जा जिरवायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. पादचाऱ्याच्या बाबतीत मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ झाला तर मरण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो. आता या वाढीव वेगातून काय हाती लागते तेही पाहू. वीस किलोमीटरचे अंतर ६० ऐवजी ८० च्या वेगाने तोडले तर पाच मिनिटे वाचतात, तीही वाटेत एकही सिग्नल किंवा वळण आले नाही तर.

"आजवर ठोकली नाही" याचा अर्थ एवढाच की आजवर ते मूल रस्त्यात आले नाही. ताबा त्याच्या हातात आहे हे मी मान्य करतो. पण मूल, कुत्रा, तेल सांडलेला रस्ता आणि समोरचा पेंगुळलेला चालक यांपैकी काहीच त्याच्या हातात नाही. शिकवताना मी एकच गोष्ट सांगत असे: चूक होणारच, आपली नाही तर दुसऱ्याची, म्हणून तिला जागा ठेवून गाडी चालवावी. समोरच्या वाहनाने विजेचा खांब ओलांडला की मोजायला लागावे आणि त्याच खांबापाशी आपण पोचेपर्यंत किमान दोन सेकंद जावेत, पावसात चार. मधल्या जागेत कोणी घुसले तर घुसू द्यावे आणि पुन्हा मागे राहावे. तरुणांना यात अपमान वाटतो हे मला ठाऊक आहे. तेवढा अपमान गिळता येणे हाही वाहन चालवण्याच्या कौशल्याचाच भाग आहे.

प्रश्न : घरापासून दुकान पाच मिनिटांवर आहे. तेवढ्यासाठी हेल्मेट घालावे का? आणि भावाचे जुने हेल्मेट मला वापरता येईल का? ते एकदा पडले होते, पण बाहेरून चांगले दिसते.

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात : घालावे. जमीन घरापासून किती अंतरावर आहे हे पाहून कमी-जास्त कठीण होत नाही.

दुसऱ्या प्रश्नात एक गैरसमज दडला आहे. हेल्मेटचे बाहेरचे कवच आपण पाहतो, पण काम करतो तो आतला थर्मोकोलसारखा दाट फोमचा थर. आघात झाला की तो थर चेपतो, आणि तो चेपत असताना डोके थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. कवटी आणि मेंदू वाचतो तो त्या मिलिसेकंदांमुळे. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. त्यामुळे अपघातात डोक्यावर असलेले हेल्मेट, ते बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी, टाकून द्यावे. भावाचे हेल्मेट रिकामे असताना टेबलावरून घरंगळले असेल तर एवढी चिंता नको. पण 'पडले होते' म्हणजे नेमके काय झाले होते हे त्याला विचारून घ्या.

नवे घेताना मान्यताप्राप्त मानकाची खूण पाहावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते आपल्याच डोक्यावर घालून पाहावे. हनुवटीचा पट्टा आवळल्यावर त्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत. मग मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे उपटण्याचा प्रयत्न करावा. ते निघून हातात आले तर ते रस्त्यावरही निघेल. पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेले हेल्मेट म्हणजे फक्त टोपी.

१९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे, पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्याने सहा दिवसांनी मृत्यू पावले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन केर्न्स यांनी पुढे लष्करातील निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानंतर हेल्मेटचा विचार गांभीर्याने होऊ लागला. नीट घातलेल्या चांगल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सहा पटींहून अधिक कमी होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मागे बसणाऱ्याचे डोकेही तेवढेच मौल्यवान असते हे वेगळे सांगायला नको. तरीही सांगतो, कारण पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे उघड्या डोक्याने बसलेली पत्नी व मूल हे दृश्य मी रोज पाहतो.

प्रश्न : पती गाडी चालवताना फोन हातात घेत नाहीत, पण ब्लूटूथवर सतत बोलतात. हात मोकळे असतात तर मग धोका कसला?

उत्तर : धोका हातांत नसून लक्षात असतो. १९९७ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाहन चालवताना फोनवर बोलणाऱ्यांचा अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा त्यात विशेष फायदा दिसला नाही. बोलण्यात गुंतलेला चालक समोर पाहत असतो, पण पाहिलेले त्याच्यापर्यंत पोचत नाही.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यात मोठा फरक आहे. समोर गर्दी झाली किंवा ट्रक आडवा आला की शेजारचा माणूस आपोआप गप्प होतो, कधी "सांभाळ!" असेही म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. तो नेमक्या त्या क्षणी हिशोबाचा सर्वांत अवघड प्रश्न विचारत असतो. संदेश वाचण्याविषयी तर बोलायलाच नको: ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंद पडद्याकडे पाहणे म्हणजे ५० मीटर डोळे मिटून जाणे.

उपाय अर्धा आपल्या हातात आहे. पती रस्त्यावर असतील अशा वेळी आपण स्वतः फोन करता का, याचा विचार करावा. केलाच तर पहिला प्रश्न "गाडी चालवताय का?" हा असावा, आणि उत्तर होकारार्थी आले तर तिथेच फोन ठेवावा.

प्रश्न : लांबच्या प्रवासाला आम्ही रात्री निघतो, रस्ता मोकळा मिळतो. झोप येऊ नये म्हणून चहा घेतो, काच उघडतो, मोठ्याने गाणी लावतो. एवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : नाही. काच आणि गाणी यांनी काही मिनिटे तरतरी वाटते, पण झोप जात नाही. माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. एका पहाटे, काच पूर्ण उघडी आणि गाणी चालू असताना, मला अचानक जाणवले की मघाचा पूल आपण कधी ओलांडला हे आठवतच नाही. पूल लहान नव्हता. मागच्या सीटवर दोन्ही मुले झोपलेली होती. पुढच्या पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावून मी स्टीअरिंगवर डोके टेकवले, आणि मुलांनी हलवेपर्यंत मला जाग आली नाही. तेव्हापासून आम्ही रात्री निघत नाही.

माणसाला झोप अनावर होण्याच्या दोन वेळा असतात: मध्यरात्रीनंतर दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. दिवसभर नोकरी करून रात्री दहाला निघणारा चालक पहाटेच्या आत त्या अवस्थेला पोचलेला असतो, आणि त्याने थेंबही घेतलेला नसल्यामुळे त्याला अपराधी वाटत नाही. वारंवार जांभई येणे, पापण्या जड होणे, गाडी रेषेवरून सरकणे, मधला रस्ता न आठवणे, यांतले काहीही झाले तरी पुढच्या सुरक्षित जागी थांबावे. चहा किंवा कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्ही गोष्टी मदतीला असतात. हाही तात्पुरताच उपाय आहे. रात्रभर झोपून पहाटे उजाडताना निघणे अधिक बरे.

सर्दीची किंवा ॲलर्जीची गोळी घेतली असेल तर तिच्याने पेंग येते का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. अलीकडे गाडीला ओरखडे दिसतात, पण विषय काढला की रागावतात.

उत्तर : हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण गाडीची किल्ली म्हणजे त्यांच्या दृष्टीने दुसऱ्यावर अवलंबून नसण्याची खूण असते. वयाचा आकडा हा निकष मानू नये. मी ७० च्या पुढचे अत्यंत सावध चालक पाहिले आहेत. निकष म्हणजे ओरखडे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, इतर वाहनांचे वारंवार वाजणारे हॉर्न आणि वळताना बाजूचे वाहन न दिसणे.

आधी त्यांच्याबरोबर दोन-तीनदा गाडीत बसावे आणि काहीही न बोलता पाहावे. मग डोळे तपासून घ्यावेत. वाढत्या वयात डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश बराच कमी होतो, समोरच्या दिव्याने दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि मोतीबिंदू इतक्या हळू वाढतो की स्वतःला कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर अनेकांचे वाहन चालवणे सुधारते. तोवर "गाडी सोडा" असे म्हणण्याऐवजी रात्री, पावसात आणि गर्दीच्या वेळी न चालवण्याचे ठरवता येते. बोलणे एकट्याने आणि शांतपणे करावे, नातवंडांसमोर नको. किल्ली लपवणे मला योग्य वाटत नाही; त्याने प्रश्न सुटत नाही आणि विश्वास मात्र जातो. मात्र विसरभोळेपणा स्पष्ट दिसू लागला असेल तर डॉक्टरांना मध्ये घेऊन लगेच थांबवावे लागेल, तिथे भीड चालत नाही.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे आणि शाळेत एकट्याने चालत जायचे म्हणतो. पाठवावे का?

उत्तर : वाटेत वाहता रस्ता ओलांडावा लागत असेल तर अजून दोन वर्षे थांबावे. आठ वर्षांचे मूल हुशार असते, पण येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ त्याला घालता येत नाही, आणि चेंडू किंवा मित्र दिसला की शिकवलेले सगळे विसरते. तोवर बरोबर जाताना त्यालाच "आता ओलांडायचे का?" असे विचारावे आणि कारण सांगायला लावावे. हात धरून ओढत नेलेले मूल रस्ता ओलांडायला शिकत नाही.

दोन उभ्या मोटारींच्या मधून ओलांडू नये, हे त्याला त्याच्या उंचीवरून दाखवावे. आपण खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून रस्त्याकडे पाहिले की बॉनेटपलीकडे काहीच दिसत नाही हे आपल्याला कळते, आणि चालकालाही तो दिसत नाही हे त्याला कळते. ट्रक किंवा बसच्या जवळून चालताना एक खूण लक्षात ठेवायला सांगावी: आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर चालकाला आपण दिसत नाही. लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत कापत जातात, म्हणून कोपऱ्यावर कडेला टेकून उभे न राहता दोन पावले मागे सरकावे. फुटपाथ नसेल तिथे येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे.

प्रश्न : टायर कधी बदलावेत?

उत्तर : टायर गोटा होण्याची वाट पाहू नये. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आहे आणि टायर संपला आहे. पावसात पकड त्याच्या बरीच आधी कमी होते. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, तिच्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. हवा टायर थंड असताना तपासावी.

प्रश्न : वाटेत अपघात दिसला तर आपण नेमके काय करावे? मागच्या महिन्यात माझ्यासमोर एक दुचाकीस्वार पडला आणि मी नुसता उभा राहिलो, त्याची अजून खंत वाटते.

उत्तर : खंत वाटणे स्वाभाविक आहे, पण अशा वेळी काय करायचे हे आधी माहीत नसेल तर बहुतेक माणसे उभीच राहतात.

पहिले काम जखमीकडे धावण्याचे नाही. आपली गाडी अलीकडे, रस्त्याच्या कडेला लावून चारही इंडिकेटर चालू करावेत आणि मागून येणाऱ्या वाहनांना कोणालातरी लांबूनच खूण करायला सांगावे, नाहीतर त्याच जागी दुसरा अपघात होतो. लगेच आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. गर्दीकडे पाहून "कोणीतरी फोन करा" असे म्हटले तर कोणीच करत नाही. एका माणसाकडे बोट दाखवून "तुम्ही, निळा शर्ट, फोन करा" असे सांगावे.

जखमी माणूस बोलतो का, श्वास घेतो का हे पाहावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा कापड जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावे आणि दाब सोडू नये. भिजले तर त्यावरच दुसरे कापड ठेवावे. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर त्याला हलवू नये, उठवून बसवू नये, आणि पाणी पाजू नये, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामे असणे बरे. हेल्मेट ओढून काढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. श्वास चालू असेल तर ते तसेच राहू द्यावे, फक्त पुढची काच वर करावी. श्वास अडला असेल तरच दोघांनी मिळून काढावे: एकाने खालून मान आणि डोके दोन्ही हातांनी स्थिर धरायचे, दुसऱ्याने हनुवटीचा पट्टा सोडून हेल्मेट हळूहळू वर सरकवायचे.

मदत येईपर्यंत त्याच्याजवळ गुडघे टेकून बसावे, त्याला आपला चेहरा दिसेल असे, म्हणजे मान वळवावी लागणार नाही. त्याचे नाव विचारावे आणि त्याच नावाने त्याच्याशी बोलत राहावे.